हवा शिरू नये म्हणून

"हवेनं तुझं काय बिघडवलंय?" बाबांनी विचारलं.

प्रणिता दचकली. ती आली होती वेगळाच प्रश्न घेऊन.

"बाबा, मी प्रिंटरचं सांगतेय."

"मीपण त्याचंच विचारतोय."

औसा गावाबाहेरच्या टेकाडावर लालशाह फकिराचा तकिया, म्हणजे ठाणं, आहे. एक लिंब, एक कबर, एक चबुतरा. प्रणिता दर गुरुवारी संध्याकाळी यायची आणि पायरीवर बसून तिथल्या फकीरबाबांपुढे मनातलं ओतून टाकायची. आज मात्र भर दुपारी आली होती, तीही धावत. एक चप्पल पायरीखाली काढलेली, दुसरी पायातच.

"पुन्हा सांग. हळू."

"प्रिंटरच्या शेजारी शाईच्या टाक्या ठेवल्यात. त्यांतून बारीक नळ्या आत जातात. सारखं कार्ट्रिज भरायला नको, शाई आपली येत राहते. पण सकाळपासून येतच नाही! दोनचार कागद नीट निघतात, मग निळा उडतो, मग लाल. साफ करायचं बटण दाबलं की जरा येते... की पुन्हा गायब."

"आणि हवा?"

"हवा कुठून येणार? बसवणाऱ्यानं बजावलंय, नळीत बुडबुडा शिरला की खेळ खलास. म्हणून कालच टाक्यांच्या वरची भोकंसुद्धा बुचं मारून बंद केली. वर मेण लावलं." तिच्या आवाजात नकळत ऐट आली. "मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही."

अंगण झाडणारी हमीदा खाला थांबली. "यंत्राला मेण आणि हिला घाम. वा गं बाई!"

"खाला, चेष्टा नको ना. पाचला शाळेत कार्यक्रम आहे. साक्षरता वर्गातल्या बायकांची प्रमाणपत्रं आहेत. नातवंडं खेळवणाऱ्या बायका त्या. स्वतःच्या नावाचा कागद पहिल्यांदा मिळणार त्यांना. शाळेच्या मोठ्या बाई छापखान्यात देत होत्या. मीच हट्ट केला, मला द्या म्हणून. आता त्या बायका रिकाम्या हातानं घरी जाणार... आणि माझ्यामुळे."



लिंबावरून कबुतरं उडाली. ती पुन्हा दचकली.

"त्या बसवणाऱ्याला फोन कर की," खाला म्हणाली.

"उचलत नाही."

"मग फकिराला काय कळतंय त्यातलं?"

"काहीच नाही," बाबा खुशीत म्हणाले.

"मग मी इथं आले कशाला?" प्रणिताचे डोळे भरून आले.

"ते मला काय ठाऊक? पण आलीच आहेस, तर एक काम कर. आज गुरुवार, जुम्मेरात. दिव्यांना तेल लागेल. कुणी नवसाचा डबा ठेवून गेलंय. फोड आणि त्या बरणीत ओत."

"आत्ता? बाबा, माझी शाई..."

"आत्ता."

तिला राग आला. पण बाबांपुढे राग काढायची हिंमत नव्हती. तो तिनं डब्यावर काढला. खिळा धरला, दगड उचलला.

खालानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बाबांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

टण्ण!

स्वतःच केलेल्या आवाजानं ती दचकली. कोपऱ्यात एक भोक पडलं. अगदी बारीक, थेंबही वाया जाऊ नये असं. तिनं डबा तिरका केला.

थोडं तेल आलं.

मग गुडुक.

मग काहीच नाही.

तिनं डबा हलवला. एक भसका ओढणीवर उडाला. पुन्हा गुडुक. पुन्हा बंद.

"हेही येत नाही!" ती ओरडली. "माझ्या हातालाच काहीतरी झालंय."

बाबा कबरीवरचा पाचोळा वेचत होते.

डबा जड होता. भरलेला होता, हे हाताला कळत होतं. तोंड उघडं होतं. आणि तरी...

घरी असं कधी होत नाही, तिच्या मनात आलं. घरी आई...

तिनं डबा सरळ ठेवला. खिळा पुन्हा उचलला. समोरच्या कोपऱ्यावर ठेवला.

टण्ण!

या वेळी ती दचकली नाही.

डबा तिरका केला, आणि तेलाची अखंड सोनेरी धार बरणीत उतरू लागली. आवाज न करता.

ती दुसऱ्या भोकाकडे बघत राहिली. त्यातून काही बाहेर येत नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

धार अडली.

बोट उचललं. धार आली.

"बाबा..."

"बरणी भरत आलीय. बघ."

"बाबा!"

डबा खाली ठेवून ती पळाली.

"अगं, ओढणी तरी धू!" खाला ओरडली. पण प्रणिता टेकाड उतरून गेली होती.

घरी तिनं केसांतली पिन काढून मेण खरवडलं. पहिलं बूच उपटलं. बारीकसा 'सूं' आवाज आला. नळीतली निळी शाई थरथरली आणि पुढे सरकली. मग लाल. मग पिवळी, काळी.

तिनं साफ करायचं बटण एकदाच दाबलं, देवाला हात जोडल्यासारखं, डोळे मिटून.

कागद आला. किनार निळी, फुलं लाल, नाव काळंभोर. दुसरा आला. पुढचाही तसाच. ती मोजायचं विसरली. आईनं दारातून विचारलं, "काय गं, रडतेस का हसतेस?" तिलाही सांगता येईना.

पाचाच्या आधी सगळा गठ्ठा मोठ्या बाईंच्या टेबलावर होता.

भागीरथीबाई केंद्रे व्यासपीठावर पहिल्या गेल्या. कागद घेऊन त्यांनी खाली उतरायला हवं होतं. त्या उतरल्याच नाहीत. माइकपाशी गेल्या, कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. आडनावासकट.

सभागृह उठून उभं राहिलं.

मग दुसरीनंही वाचलं. मग तिसरीनं. पाहुण्यांचं भाषण राहूनच गेलं. मोठ्या बाई प्रणिताजवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "यापुढचं शाळेचं सगळं तूच छाप."

दिवेलागणीला ती तकियावर पोचली. ओढणीवर तेलाचा डाग तसाच, मान मात्र ताठ.

"बाबा, जिंकलो! तुम्ही असायला हवं होतं. सगळं सभागृह उभं होतं!"

"उभं? खुर्च्या नव्हत्या का?" खालानं विचारलं.

प्रणिता हसत सुटली. मग तिनं पिशवीतून जपून एक कागद काढला. घरून निघायच्या आधी छापलेला. चारही बाजूंना वेलबुट्टी, मध्ये ठसठशीत अक्षरांत बाबांचं नाव.

"हा तुमच्यासाठी. सगळ्यांत सुंदर हाच आलाय. बघा, एक रेघ फिकी नाही. एक!"

बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. दिव्याजवळ नेला. मनापासून बघितला.

मग उलटा केला.

मागची बाजू पांढरी होती, डब्याच्या त्या दुसऱ्या भोकासारखी रिकामी. ती त्यांनी जास्त वेळ बघितली. खालाही वाकून बघू लागली. मग प्रणिताही.

"ही बाजू तर अजूनच छान आलीय," बाबा म्हणाले.