कस्तुरीचं बंद दार

एका चित्रकथा मासिकात शलाका लेखिका म्हणून रुजू झाली, तेव्हा मालक रायरीकरांनी तिला बजावलं, "आपला नायक मेघवीर, त्याची ती जुनी प्रेयसी, कस्तुरी, आता नको. तिचं नाव किंवा चेहरा एका जरी चौकटीत दिसला, तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा. वाचक तिला केव्हाच विसरलेत."

शाळेत असताना त्या दोघांच्या ताटातुटीचा अंक वाचून शलाका दोन दिवस धड जेवली नव्हती.

महिन्याभराने तिने नवा अंक मालकांपुढे ठेवला. त्यात मेघवीर शहर वाचवतो, सत्कार टाळून नदीकाठच्या एका घरापाशी उतरतो आणि पायरीवर बसून कितीतरी वेळ बंद दाराकडे बघत राहतो.

रायरीकर कडाडले, "शेवटी आणलंतच ना कस्तुरीला?"

"कुठे आहे, साहेब? नाव नाही, चेहरा नाही."

"अहो, पण हे दार तिचंच आहे!"

"तसं मी कुठेच लिहिलेलं नाही," शलाका हळूच म्हणाली. "तुम्हालाच आठवलं. मग वाचक कसे विसरले असतील?"

चष्मा पुसत रायरीकरांनी विचारलं, "दार जरासं किलकिलं दाखवता येईल का?"