झोपेचे जाते

एका राज्यात झोपच उरली नाही. मांत्रिक कालकेतूने राजकन्या कुमुदिनीला उचलून नेले, डोंगरमाथ्यावर जात्याशी बसवले, आणि तिच्या हातून तो प्रजेची झोप दळून घेऊ लागला. ते पीठ खाऊन त्याला अमर व्हायचे होते. इकडे तान्ही बाळे पाळण्यात टक्क जागी राहत. म्हातारी माणसे चालता चालता कोसळत.

सर्वांत हाल म्हाळूचे. हा राजाचा चाकर म्हणजे आळशांचा मुकुटमणी. राजाचे पाय चेपता चेपता तिथेच घोरू लागे. तो रडत दरबारात आला.

"महाराज, राजकन्येला आणायला मी जातो."

राजा वज्रसेन खिन्नपणे म्हणाला, "शूर गेले ते परतले नाहीत. तू वेशीपर्यंत तरी पोचशील?"

"हळूहळू पोचेन, महाराज."

वाटेत सरोवर लागले. जो वल्हे मारी, त्याच्यापासून पैलतीर दूर पळे. म्हाळू नावेत आडवा झाला. कमळे बाजूला सरली, नाव आपसूक काठाला लागली.

पुढे रत्नांची बाग. वाकून रत्न उचलील तो पाषाण होई. म्हाळूला वाकण्याचाच कंटाळा. पाषाण झालेल्या वीरांमधून तो जांभया देत निघून गेला.

माथ्यावरच्या गढीत राजकन्या दळत होती. बोटांतून रक्त ओघळत होते. जवळ बसलेली साळुंकी बोलली, "तिचा हात खुंट्याला जखडला आहे. कुणी आपखुशीने दळायला बसेल, तरच सुटेल. जाते उलटे फिरव, म्हणजे झोप घरोघर परत जाईल."

"आणि माझी?"

"दळणाऱ्याची सर्वांत शेवटी."

म्हाळूने राजकन्येच्या बोटांकडे पाहिले. मग मांडी घातली.

"सरा, बाईसाहेब. मी बसतो."

जाते उलटे घरघरले. पांढरे, मऊ पीठ धुक्यासारखे उडाले. खड्ग उपसून धावत आलेला कालकेतू त्या धुक्यात शिरला, पायरीवर डोके टेकून निजला, आणि निजल्या निजल्या त्याची राख झाली. बागेतले पाषाण माणसे होऊन आळस देऊ लागले. खाली नगरात भर दुपारी पाळणे शांत झाले, घोडे उभ्याउभ्या पेंगले. राजकन्याही भिंतीला टेकून निजली. साऱ्या राज्यात एकटा म्हाळू जागा होता. खांदे भरून आले, तळहात सोलले. तो थांबला नाही.

अखेरची चिमूट त्याच्या पापण्यांवर पडली.

राजा ताजातवाना होऊन माथ्यावर आला. लेकीला पोटाशी धरून म्हणाला, "उठवा म्हाळूला! त्याला पालखीत बसवून नेऊ."

कुमुदिनीने ओठांवर बोट ठेवले.

"बाबा, पालखी इथे थांबू द्या. आपण त्याच्या उशाशी बसू."