पैलवाडीचा होकार

फार वर्षांपूर्वी, कोंडगावच्या दरीवर पूल नव्हता तेव्हाची ही हकिकत आहे. चावडी दरीच्या अलीकडे आणि पैलवाडी पलीकडे, उभ्या कड्याच्या पायथ्याशी. दरी उतरून चढायला अर्धा दिवस लागे. म्हणून चावडीवर बंधाऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, की दवंडीवाला धाकोजी काठावर उभा राहून विचारी, "पैलवाडीकर, मान्य आहे का हो?"

त्याचा आवाज वाडीच्या डोक्यावरून जाऊन कड्यावर आपटे आणि परत येई, "हो."

धाकोजी प्रामाणिक मनुष्य होता. तो चावडीवर जाऊन सांगे, "हो म्हणाले."

अशा रीतीने पैलवाडीने सात वर्षे, नकळत, प्रत्येक गोष्टीस होकार दिला. पाणी आठवड्यातून दोन दिवस येई, त्याचा एक झाला, आणि अखेर थेंबही येईना. भात पिवळे पडले. माणसे वाडी सोडण्याची भाषा करू लागली.

त्या वाडीत बयजा नावाची शेळ्या राखणारी बाई होती. तिने हाक मारली, की सात गावांच्या शेळ्या माना वळवीत आणि धबधबा क्षणभर पडायचा थांबे, असे म्हणतात. कड्याशी तिचे रोजचे बोलणे असल्याने त्याची खोड तिला ठाऊक होती. एकदा कड्यावर शेळ्या चारताना तिने धाकोजीचा प्रश्न आणि कड्याचा होकार ऐकला, आणि सारा घोळ तिच्या ध्यानात आला. चावडी भरलेली पाहून ती एका उंच खडकावर चढली.

"गणोजी पाटील, बंधाऱ्याचं सगळं पाणी आता आमचंच ना हो?"

चावडीमागच्या डोंगराने सात वेळा "हो" म्हटले, असे म्हणतात.

पाटील धावत काठावर आले. "मी कुठं हो म्हणालो, गं?"

"तुम्ही नाही, तुमचा डोंगर म्हणाला. आमच्या वतीनं सात वर्षं आमचा कडाच बोलतोय."

पाटलांनी धाकोजीकडे पाहिले. धाकोजी पुटपुटला, "तरीच म्हटलं, पैलवाडीकर एवढे गुणी कसे."

सारी चावडी हसली, पाटीलही हसले. त्याच दिवशी पैलवाडीचे पाणी सुटले. मात्र पाटलांना एक शंका उरली. "यापुढं माणूस कोण नि कडा कोण, हे ओळखायचं कसं?"

"कड्याच्या घरी चूल नसते, पाटील. आज काय रांधलं, ते विचारा."

आता पूल झाला, मोबाइल आले. तरीही ग्रामसभेच्या दिवशी शिपाई काठावर जाऊन विचारतो, "आज काय रांधलं?" कडा नुसते "रांधलं, रांधलं" म्हणतो. मग बयजाच्या खडकावरून कोणीतरी सांगते, "कुळथाचं पिठलं." ते ऐकल्यावरच सरपंच खुर्चीवर टेकतात. त्याआधी बसलेल्या सरपंचाचा ठराव कोंडगावात आजवर कोणी मानलेला नाही.