तेरणानं राखलेली साक्ष

एका राज्यात, भुईत गडप झालेल्या नगराच्या खड्ड्यात उभी राहून एक बाई आपल्या माणसाशी भांडत होती, आणि भांडण चांगलंच पेटलं होतं.

“परत लिंपलीस?” भानुकेत म्हणाला. “काल भेग पडली होती. आज बघतो तर शेणमातीचा हात ताजा!”

“लिंपीन. रोज लिंपीन,” तेरणा म्हणाली. “माझी साक्ष आहे.”

साक्ष म्हणजे काय, ते ऐका. गाडलेलं नगर उकरताना मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवायचा. कुठल्या थरात काय होतं, ते तो सांगतो. काम संपलं की ज्यानं खणलं त्यानंच तो पाडायचा. दुसऱ्याच्या कुदळीला तो दाद देत नाही.

आणि हे खणणं कशापायी? तर तिथल्या जुन्या राजाला हौस आली, सोन्याच्या नांगरानं भुई नांगरायची. भुईला ती थट्टा सोसली नाही. तिनं नगर गिळलं आणि शाप दिला, ह्या राज्यात दाणा रुजणार नाही. राजे शाप ओढवून घेतात, निस्तरायला मात्र कुणाची तरी लेक लागते! पुढच्या राजानं मांत्रिकाला विचारलं. मांत्रिक म्हणाला, “कामं तीन. नगरावरची माती उपसा. नांगर काढून वितळवा. मग साक्ष पाडा.”

तेरणा खणकऱ्याची लेक. तिनं माती उपसली. नांगर उकरला, तर त्याची मूठ, रुमणं, धरून नांगऱ्या निजलेला. शिंदीच्या कुंच्यानं तिनं त्याच्या पापण्यांवरची माती झाडली, तसे त्यानं डोळे उघडले. तोच हा भानुकेत. नांगर वितळला, दोघं एका ताटात जेवू लागली, आणि तिसरं काम तसंच राहिलं. कारण खांबावर बसून टिटवी बोलली होती, “साक्ष पडेल, तेव्हा हा आपल्या काळच्या मातीला मिळेल.”

“राज्य भुकेलं आहे,” भानुकेत म्हणाला.

“मी काय राज्याची आई आहे? राजाची कोठारं आहेत, वाटू दे.”

“कोठारं तळाला लागली.”

“बाई हट्टी,” टिटवी म्हणाली.

“तू गप, नाहीतर तुलाही लिंपीन!”

भानुकेत हसला. तेच तिला सोसेना. मग त्यानं मूठ उघडली. मुठीत जोंधळ्याचे काळे पडलेले दाणे होते. तिची पाठ वळली की तो खांबाच्या सावलीत दाणे पेरायचा, पुन्हा उकरून बघायचा. तिला ते ठाऊक नव्हतं.

“नांगर राजाचा होता, तेरणा. पण भुईत नांगराचं तास मी ओढलं. तुझ्यापाशी जगावंसं वाटलं, म्हणून आजवर गप्प राहिलो. आता घास उतरत नाही.”

तेरणानं ते दाणे पदरात घेतले.

पुढचं आधीच सांगते. साक्ष पडली. खड्ड्याच्या काठापासून राज्याच्या वेशीपर्यंत कोंब फुटले. त्या साली पोरांनी पोटभर हुरडा खाल्ला, राजानं हत्तीवरून साखर वाटली. लोक म्हणतात, भांडण भानुकेतनं जिंकलं. काहीतरीच! हुकूम तिचाच झाला. कुदळ उचलून ती म्हणाली, “माझा डावा हात धर, उजव्यानं मी घाव घालते, आणि डोळे मिटायचे नाहीत, मला तुला शेवटपर्यंत बघायचं आहे.”