घोटभर औषध प्रधानाला

त्या दिवशी भाद्रपदातलं ऊन असं काही तापलं होतं, की पिंपळाचं पानसुद्धा हलायचा कंटाळा करत होतं. आभाळात ढग होता, पण एकच, आणि तोही राजवाड्यावर येऊन पेंगत बसलेला. सटवाजी तेल्याने बैलाच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं, तेवढ्यात दारात दोन शिपाई उभे!

"चल रे म्हाताऱ्या, राजवाड्यावर! तुझ्या घाण्याच्या कुरकुरीने महाराजांची झोप उडालीय. दिवस मावळायच्या आत घाणा फोडून नदीत टाकायचा हुकूम झालाय!"

सटवाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि घाई तर मुळीच येत नव्हती. त्याने हात पुसले, पागोटं नीट केलं आणि शेजारच्या भागूबाई कासारणीला हाक मारली.

"भागूबाई, मी येईपर्यंत बैल फिरता ठेव गं."

"अहो बाबा, ते फोडायला निघालेत आणि तुम्ही फिरवायला सांगताय?"

"फोडायचा हुकूम आहे. थांबवायचा कुठं आहे?"

इकडे खैरगडचे राजे मानदेव महिनाभर झोपले नव्हते. डोळे जास्वंदीसारखे लाल! उशाशी तीन राजवैद्य, पायाशी प्रधान त्रिंबकपंत, आणि दाराशी नगारा घेऊन नगारची. नगाऱ्याची अक्कल पंतांची. महाराजांचा डोळा लागला रे लागला, की गावाला आनंदाची बातमी कळावी म्हणून तो बडवायचा! रोज दुपारी धडाम धडाम व्हायचं, गावात साखर वाटली जायची, आणि महाराज ताडकन अंथरुणात उठून बसायचे. ते डोळे चोळून बघेपर्यंत नगारा गप्प, आणि पंत नगाऱ्याला पाठीआड करून उभे.

"तूच का तो कुरकुऱ्या?" शिपायांनी सटवाजीला पुढे उभं करताच राजा गरजला. "जरा डोळा लागतो, तोच मी दचकून जागा होतो. कान देऊन ऐकतो तर काय? तुझा घाणा! कुर्र, कुर्र!"

सटवाजीने नगाऱ्याकडे पाहिलं. मग पंतांकडे पाहिलं. पंतांनी असे डोळे वटारले, की सटवाजीने आलेला शब्द गिळून टाकला. तेल्याने प्रधानाकडे बोट दाखवलं तर आधी बोटच जायचं!

"महाराज, झोप आणून दिली तर घाणा राहील?"

"राहील! पण नीट ऐक. जायफळ उगाळलेलं दूध प्यालो, खसखशीची खीर खाल्ली, वाळा हुंगला, डोक्याला माक्याचं तेल चोपडलं. तळव्यांना तूप लावून काशाची वाटी इतकी घासली, की चालताना घसरतो मी! आता तोंडात काही घालणार नाही, नाकाला काही लावणार नाही, अंगाला काही फासू देणार नाही. अशानं झोप आण!"

वैद्य खुदकन हसले. "असं औषध असतं का कुठं?"

"असतं की," सटवाजी सावकाश म्हणाला. "तुमचंच आहे. फक्त महाराजांनी घ्यायचं नाही. तुम्ही घ्यायचं."

"आम्ही?" पंत किंचाळले. "आम्हाला काय धाड भरलीय?"

पण राजाचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदाच उजळला. "मला महिनाभर पाजलंत ना? आता प्या! एकही थेंब उरता कामा नये!"

मग काय! सटवाजीने पातेलंभर म्हशीचं दूध तापवलं, चिमूटभर जायफळ उगाळून घातलं, वर वाटलेली खसखस आणि खडीसाखर. वैद्यांना पेला, पंतांना पेला. नगारची म्हणाला, "मी तर नुसता वाजवणारा!"

"म्हणून तुला दोन," सटवाजी म्हणाला.

मग त्याने सगळ्यांना ओळीने बसवलं आणि एकमेकांच्या तळव्यांवर काशाची वाटी फिरवायला लावली.

"पंत, पाय ओढू नका हो!"

"गुदगुल्या होतात!"

महिनाभर ही मंडळीही जागीच होती. पहिला वैद्य जांभई देत कलंडला, दुसरा त्याच्यावर, तिसरा दोघांवर. पंत "मी मुळीच झोपणार ना..." एवढंच बोलले. नगारची नगाऱ्यालाच मिठी मारून घोरायला लागला. त्यांच्या जांभया बघून राजालाही एक जांभई आली, मग दुसरी. तिसरी अर्ध्यातच राहिली.

सटवाजी उंबऱ्यावर बसून माश्या हाकलत राहिला.

ऊन कललं तेव्हा राजाने आळस दिला. "अरे! झोपलो होतो मी! बघ, घाणा बंद होता म्हणून! शिपाई, टाका तो नदीत!"

सटवाजी सावकाश उठला. "महाराज, जरा कान द्या."

कुर्र... कुर्र... कुर्र...

"हा केव्हा सुरू झाला?"

"थांबलाच नव्हता, महाराज."

राजा बुचकळ्यात पडला. "मग मला जागं कोण करत होतं?" असं म्हणून तो विचार करायला डोळे मिटून मागे टेकला. तेवढ्यात नगारची चाळवला. अर्धवट झोपेत त्याला महाराजांचे मिटलेले डोळे दिसले, आणि धडाम! धडाम! धडाम! पंत झोपेतच ओरडले, "महाराज झोपले! साखर वाटा!"

राजा पलंगावर वीतभर उडाला. त्याने नगाऱ्याकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं, आणि सगळा उजेड पडला.

"आणि औषध यांना का पाजलंस रे?"

"महाराज, झोप बिचारी रोज यायची. दारातली ही गर्दी बघून परत जायची!"

राजा हसला, इतका हसला की उशी खाली पडली! घाणा तर राहिलाच, वर एक धिप्पाड बैल आणि दहा पोती तीळ बक्षीस मिळाले. आणि ते पोचवायला बैलाची वेसण धरून खुद्द त्रिंबकपंत!

दारात भागूबाई घाम पुसत उभी होती. तिने पंतांना बघितलं, बैल बघितला, सगळी हकिगत ऐकली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राजाला झोपवलंत, वैद्यांना झोपवलंत, प्रधानाला झोपवलंत, झकास केलंत, बाबा! आता आमच्या ह्यांना उठवायचं काही औषध असलं तर द्या, काल दुपारपासून घोरतायत!"