आत्याबाईंनी न चाटलेलं वासरू

फार मागची गोष्ट आहे, गुरं आपसात बोलायची तेव्हाची. एका कळपात रीत होती. वासरू जन्मलं की आधी त्याची आई त्याला चाटायची, मग कळपातली थोरली गाय. थोरलीनं चाटलं म्हणजे वासरू कळपाचं झालं.

पाकळीला वासरू झालं. ती त्याला घेऊन थोरल्या तांबूकडं निघाली, तर तांबू लांबूनच म्हणाली, "बाई गं, तिथंच थांब."

"का आत्याबाई? माझं लेकरू नकोसं झालं का?"

"माझ्या तोंडात फोड आलेत, लाळ गळते. ती त्याला लागली तर एवढासा जीव टिकायचा नाही."

"रीत मोडायला निमित्त बरं सापडलं," म्हणत पाकळी फणकाऱ्यानं वळली. बाकीच्या गायींनीही माना फिरवल्या.

तांबू एकटीच बाभळीखाली राहू लागली. ओढ्यावर सगळ्यांचं पिऊन झालं की ती खालच्या अंगाला जाऊन पाणी प्यायची.

पुढं पलीकडच्या कळपाची बातमी आली. तिथल्या थोरलीनं तोंडात फोड असतानाही रीत पाळली होती, आणि तिथं एकही वासरू उरलं नव्हतं. पाकळीनं आपल्या उड्या मारणाऱ्या वासराकडं पाहिलं. मग तिनं बाभळीकडं पाहिलं.

तांबूचं तोंड पार बरं झालं, तरी आणखी काही दिवस ती लांबच राहिली. मग एके सकाळी पाकळीच वासराला घेऊन बाभळीखाली आली.

"आत्याबाई, आता चाटा."

"अगं, मोठं झालंय की ते."

"तुमच्यामुळंच झालंय," पाकळी म्हणाली, आणि तिनं आधी तांबूची मान चाटली.