अन्नछत्राच्या दारातला दगड

फार पूर्वीची, पेठांना तट आणि तटाला दरवाजे असायचे तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका पेठेत एक अन्नछत्र होतं आणि त्याचा एक कारभारी होता. माणूस सरळ, पण ऐतखाऊंची त्याला भारी चीड. दोन वर्षं पावसाने हुलकावणी दिली, तशी खेड्यापाड्यांतून माणसं येऊ लागली आणि पंगत वाढतच चालली. तेव्हा कारभाऱ्याने दारात उखळाएवढा एक काळा दगड आणून ठेवला.

"हा ज्याला उचलवतो तो धडधाकट," त्याने सांगितलं. "त्याने कामाला जावं. त्याला आणि त्याच्या घरच्यांना इथे पान मिळायचं नाही."

पेठेतल्या शेठ-सावकारांनी त्याची वाहवा केली.

आंधळ्या आईचा हात धरून एक परगावचा माणूस रोज छत्रात यायचा. दगडापाशी वाकायचा, धापा टाकायचा, पण दगड जागचा हलायचा नाही. मग मायलेक जेवायला बसायचे.

एके दुपारी पंगत बसली होती. दगड उन्हाने फार तापतो म्हणून कारभारी तो सावलीत ओढायला गेला. दगड पायरीवरून घरंगळला आणि थेट त्याच्या पावलावर येऊन बसला. कारभारी कळवळून ओरडला. पंगतीतलं कुणीच उठलं नाही. ती माणसं निर्दय नव्हती. तो दगड उचलला की पान गेलं, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परगावच्या माणसाने हातातला घास खाली ठेवला. तो उठला, दगड एका दमात उचलला आणि बाजूला ठेवला. मग आईजवळ जाऊन म्हणाला, "ऊठ आई, निघू या."

"अजून भात यायचाय ना रे?"

"झालं आपलं इथलं."

पाय चोळत कारभारी म्हणाला, "लबाडा, इतके दिवस फसवलंस मला!"

"फसवलं, कारभारी. त्याआधी दारोदार काम मागत हिंडलो. जो तो विचारायचा, तुला जामीन कोण? परक्याला कोण जामीन राहणार? मी उपाशी राहिलो असतो, पण आईला कसं ठेवू?"

"बसा," कारभारी म्हणाला, "भात येतोय."

दुसऱ्या दिवशी, पायाला चिंध्या बांधून, काठी टेकत तो एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या दाराशी गेला. "एका माणसाला काम हवं होतं," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

मान वर न करताच शेठ आतून म्हणाला, "पुढे जा बाबा."

कारभारी तिथेच थबकला. हे शब्द त्याने आजवर कितीतरी जणांना ऐकवले होते, पण ते ऐकणाऱ्याला कसे लागतात हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. तरी तो हलला नाही.

"शेठ, मी छत्राचा कारभारी. त्या माणसाला मी जामीन राहतो."

तो माणूस तेलाच्या घाण्यावर कामाला लागला. दगड छत्राच्या दारातच राहिला, पण आता नवा आलेला माणूस त्यावर टेकायचा. लंगडत येऊन कारभारी त्याला आधी जेवायला वाढायचा, आणि जेवण झाल्यावरच विचारायचा, "तुला काम काय येतं?"

तात्पर्य: मागणाऱ्याच्या अंगात बळ किती ते तोलण्याआधी, त्याच्यासाठी कुठलं दार उघडं आहे का ते पाहावं; नसेल तर एखादं आपण उघडावं.